'सरण' आणि 'शरण'



आपण त्रिसरण रोज म्हणतो. सकाळी घरात म्हणतो, पौर्णिमेला विहारात म्हणतो. मंगल परिणय असो, नामकरण असो, की कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, आरंभ त्रिसरण-पंचशीलानेच होतो. आपली लहान मुले बे एके बे शिकण्याच्या आधी त्रिसरण शिकतात. परंतु जो शब्द रोज तोंडात असतो, त्याचा अर्थ विचारायचे माणसाच्या मनात फारसे येत नाही. आज त्या एकाच शब्दाचा विचार आपण करू. तो शब्द म्हणजे 'सरण'.

हा शब्द पालि भाषेतला आहे. मराठीत त्याच्यासारखे दिसणारे दोन शब्द आहेत. एक 'शरण', आणि दुसरा 'सरण'. शब्द दिसायला सारखे असले म्हणजे माणूस त्यांचे अर्थही सारखे धरून चालतो. या तीन शब्दांची अशीच गल्लत आपल्या समाजात झालेली आहे. ही गल्लत केवळ भाषेची असती तर ती व्याकरणाच्या पंडितांवर सोपवून आपण मोकळे झालो असतो. पण आपण बौद्ध झालो म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न या शब्दात दडलेला आहे. म्हणून हा विचार प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने करावयास हवा.

तीन शब्द, तीन अर्थ

प्रथम मराठी 'सरण' घेऊ. मराठीत सरण म्हणजे चिता. सरण रचतात, सरणावर प्रेत ठेवतात. त्यामुळे पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांना, विशेषतः म्हाताऱ्या बायांना, लग्नाच्या मांडवात 'सरणं' हा शब्द ऐकून चुकल्यासारखे होते. 'शुभ कार्यात हे सरणाचं कशाला रे बाबा?' असे विचारणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांना हसू नये. त्यांचे कान मराठीचे आहेत. मराठी सरणाचा आणि पालि सरणाचा अर्थाशी काही एक संबंध नाही, एवढे त्यांना नीट समजावून सांगावे म्हणजे झाले.

आता मराठी 'शरण'. हा शब्द जास्त विचार करायला लावणारा आहे. मराठीत शरण जाणे म्हणजे हार पत्करणे. 16 डिसेंबर 1971 रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, असे आपण इतिहासात शिकवतो. तेथे शरणागतीचा अर्थ स्पष्ट आहे. शस्त्र खाली ठेवले, मान खाली घातली, आणि पुढचे सगळे जिंकणाऱ्याच्या मर्जीवर सोपवले. पोलिसांना शरण येणारा गुन्हेगार हेच करतो. मराठी माणसाच्या कानाला 'शरण' म्हटले की वाकलेली मान दिसते.

आणि पालि 'सरण'? त्याचा अर्थ आसरा, निवारा, संरक्षणाची जागा. ऊन, पाऊस, वारा, चोर, श्वापद यांच्यापासून बचाव करणारे छप्पर म्हणजे सरण. घर या अर्थानेही तो शब्द जुन्या भाषेत येतो. पालि टेक्स्ट सोसायटीच्या पालि-इंग्रजी कोशात या शब्दाच्या नात्यात संस्कृत 'शाला' हा शब्दही दाखवला आहे. म्हणजे आपण मुलांना ज्या शाळेत पाठवतो ती शाळा आणि आपण रोज म्हणतो ते सरण हे एकाच कुळातले शब्द ठरतात. वाटेवरच्या धर्मशाळेत पाऊस लागला म्हणून माणूस शिरतो, त्याला कुणी 'हरला' म्हणत नाही. मोजकेच शब्द इतके मोठे सत्य पोटात घेऊन चालतात.

'स' अशुद्ध नाही

येथे एक शंका कुणी काढील की, खरा शब्द संस्कृत 'शरण' आहे आणि 'सरण' हा त्याचा बिघडलेला उच्चार आहे. काही छापील पुस्तिकांतूनही 'सरणं' काढून 'शरणं' घातलेले दिसते. छापणाऱ्याला वाटते की आपण शुद्ध केले.

पालि भाषेत तालव्य 'श' आणि मूर्धन्य 'ष' नाहीत, एकच दंत्य 'स' आहे. म्हणून संस्कृत शील ते पालि सील, श्रमण ते समण, शिष्य ते सिस्स, आणि शरण ते सरण. हा बिघाड नव्हे, हा त्या भाषेचा नियम आहे. जोडाक्षरांचेही तसेच. धर्म ते धम्म, कर्म ते कम्म, हस्त ते हत्थ, सप्त ते सत्त, दुग्ध ते दुद्ध. आता आपल्या मराठीकडे पाहा. आपण काम म्हणतो, हात म्हणतो, सात म्हणतो, दूध म्हणतो. हे शब्द आपल्याकडे कोणत्या वाटेने आले? प्राकृताच्या वाटेने. मराठी ही महाराष्ट्री प्राकृतापासून निघालेली, आणि पालि व महाराष्ट्री या एकाच मोठ्या घरातल्या भाषा. म्हणून पालि आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

आपल्या आज्या 'पोरा, साळंत जा' म्हणत. त्यांच्या 'साळे'ला लोक गावंढळ म्हणत आणि हसत. पालीत तो शब्द 'साला' असाच आहे, 'श' नाहीच. सर्वसामान्य लोकांना समजेल अशा भाषेत तथागतांनी उपदेश केला, वेदाच्या भाषेत धम्म बांधून ठेवला नाही. ज्या 'स'बद्दल आपल्या माणसांना वर्गात हिणवले गेले, तोच 'स' तिपिटकात मानाने बसला आहे. यास्तव विहारात आणि घरात म्हणताना 'सरणं' असेच म्हणावे. तो शुद्ध पालि उच्चार आहे.

एका शब्दाने झालेल्या दोन चुका

उच्चाराचा प्रश्न इथे मिटला. अर्थाचा प्रश्न याहून मोठा आहे. मराठी 'शरण' मनात ठेवून आपण पालि 'सरण' म्हणतो, तेव्हा दोन वेगवेगळ्या चुका होतात, आणि दोन्ही मी आपल्या वस्त्यांतून पाहिल्या आहेत.

पहिली चूक तरुणांची. आमच्या अभ्यासवर्गात महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आपल्या वाडवडिलांनी जन्मभर शरणच जाऊन काढला. पाटलाला शरण, सावकाराला शरण, देवाला शरण. बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभं केलं. मग आता बुद्धाला तरी शरण का जायचं? मी त्रिसरण म्हणणार नाही." मुलगा उद्धट नव्हता. त्याच्या बोलण्यात स्वाभिमान होता, आणि तो स्वाभिमान बाबासाहेबांनीच त्याला दिला होता. ज्यांच्या आजोबांना रस्त्याच्या कडेला थांबून, कमरेत वाकून 'जोहार' घालावा लागला, त्यांच्या नातवाला 'शरण' या शब्दाचा संताप येणारच.

दुसरी चूक याच्या उलट आहे. ती थोरांची. त्यांनी घरातले देव बाबासाहेबांच्या सांगण्याप्रमाणे नदीत सोडले, आणि त्या जागी बुद्धाची मूर्ती मांडली. पण मनातला व्यवहार तोच राहिला. मुलगा परीक्षेत पास व्हावा म्हणून बुद्धापुढे नवस, आजार बरा व्हावा म्हणून बुद्धाला साकडे. 'तुला शरण आलो, आता तूच काय ते बघ.' देवाचे नाव बदलले, भक्ताची मान होती तिथेच राहिली.

एक म्हणतो मी शरण जाणार नाही, दुसरा म्हणतो मी पूर्ण शरण गेलो. वरवर पाहता हे दोघे दोन टोकांना आहेत. पण दोघांनी शब्द एकच धरला आहे, आणि तो मराठी 'शरण' आहे. पालि 'सरण' दोघांपर्यंत पोहोचलेच नाही.

अर्थ घसरला कसा?

मग आसरा देणाऱ्या शब्दाला वाकण्याचा अर्थ कसा चिकटला? मला जे वाटते ते मी आपल्यापुढे मांडतो.

मूळ शब्द एकच होता. वैदिक भाषेतही 'शरण' म्हणजे निवारा, घर. हिंदीत हा अर्थ अजून जिवंत आहे. फाळणीनंतर जे लोक घरेदारे सोडून आले त्यांना हिंदीत 'शरणार्थी' म्हणाले. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. त्याने कुणापुढे हार खाल्लेली नसते. श्रीलंकेत सिंहली बौद्ध एकमेकांना 'तेरुवन् सरणयि' म्हणून सदिच्छा देतात. बुद्ध, धम्म आणि संघ या तीन रत्नांचा तुम्हाला आसरा असो, असा त्याचा भाव. कन्नड मुलखात बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुयायांना 'शरण' म्हणत, आणि त्या शरणांनी जातिभेदाविरुद्ध मोठे बंड केले. तेव्हा शब्दाच्या अंगी मुळात लाचारी नव्हती.

परंतु आपल्या समाजात आसरा कुणाला, केव्हा आणि कोणत्या अटीवर मिळत होता? गावकुसाबाहेरच्या माणसाला दुष्काळात धान्य हवे तर आधी वाकावे लागे. पाणी हवे तर दुरून ओंजळ पसरावी लागे, आणि ते वाढणाऱ्याच्या मर्जीने मिळे. रानात झोपडे बांधायचे तर मालकाच्या पाया पडावे लागे. जिथे वाकल्यावाचून आसरा कधी मिळालाच नाही, तिथे आसरा घेणे आणि वाकणे या दोन गोष्टी एकच वाटू लागल्या तर नवल कसले? भाषा ही समाजाची वहिवाट लिहून ठेवते. मराठी 'शरण' या शब्दात शतकानुशतकांची ती वहिवाट लिहिलेली आहे. वाकायला न लावता आसरा मिळू शकतो, हे आपल्या पूर्वजांना माहीतच होऊ दिले नाही.

इंग्रजीतूनही हा अर्थ पुरता येत नाही. इंग्रजी पुस्तकांत सरणासाठी 'रेफ्यूज' हा शब्द वापरतात. तो लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशी मागे पळून जाणे असा अर्थ आहे. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्यास वाटते की बौद्ध माणूस जगाला भिऊन पळतो. पालि शब्दात पळणे नाही. उलट, जुन्या अट्ठकथाकारांनी 'सरण' शब्दाची फोड करताना म्हटले आहे की, जे भय, दुःख आणि दुर्गती यांचा नाश करते ते सरण. पळणाऱ्याचे भय त्याच्याबरोबर पळते. सरणात ते नाहीसे होते.

मार्गदाता आणि मोक्षदाता

आता शब्द बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे वळू. आसरा घेणे आणि शरणागती पत्करणे यांत नैतिक फरक कोणता?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनास सांगतो की, सारे धर्म सोडून तू मला एकट्याला शरण ये, मी तुला सर्व पापांतून सोडवीन. तेथेही शब्द 'शरण' हाच आहे. त्या नात्याची घडण पाहा. सोडवणारा एक, सुटणारा दुसरा. सुटणाऱ्याने करायचे एवढेच की स्वतःचा निर्णय त्याच्या पायाशी ठेवायचा.

याच्या शेजारी मज्झिम निकायातला गणक मोग्गल्लानाचा प्रसंग ठेवा. गणक मोग्गल्लान हा हिशेबनीस ब्राह्मण. त्याने सावत्थीत तथागतांना विचारले की, तुमचा उपदेश ऐकणारे सर्वच शिष्य निब्बाणापर्यंत पोहोचतात काय? तथागत म्हणाले की, काही पोहोचतात, काही नाही. हिशेबाच्या माणसाला हे पटेना. निब्बाण आहे, मार्ग आहे, दाखवणाराही आहे, मग असे का? तेव्हा तथागतांनी त्यालाच विचारले की, तुला राजगृहाचा रस्ता ठाऊक आहे ना? एखाद्याला तू तो नीट सांगितलास आणि तरी तो भलत्याच वाटेने गेला तर? तो म्हणाला, त्याला मी काय करणार, मी फक्त वाट सांगणारा. त्यावर तथागतांनी सांगितले की, तथागतही वाट दाखवणाराच आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच भेद दोन शब्दांत सांगितला. बुद्ध हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. आपल्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे. मोक्षदात्याकडे माणूस शरण जातो, कारण त्याच्याजवळ देण्याची वस्तू असते आणि ती त्याच्या मर्जीवर असते. मार्गदात्याकडे माणूस सरण जातो, कारण वाट समजून घ्यायची असते, आणि समजल्यावर चालायचे स्वतःलाच असते.

म्हणून त्रिसरणातल्या दुसऱ्या शब्दाकडेही लक्ष द्या. तो आहे 'गच्छामि', म्हणजे मी जातो, मी जाते. कुणी ओढून नेत नाही, कुणी दारात आणून टाकत नाही. मी माझ्या पायांनी जातो. हा शब्द एकवचनी आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो कंठांतून तो निघाला, तेव्हाही प्रत्येकाने 'मी' म्हटले, 'आम्ही' म्हटले नाही. अट्ठकथा आणखी एक गोष्ट सांगते. ज्या धातूंचा अर्थ जाणे असा आहे, त्यांचा अर्थ जाणणे असाही होतो. आपल्या मराठीतच पाहा, एखादी विद्या 'अवगत' झाली असे आपण म्हणतो. त्यातही तोच 'गम्' धातू आहे. तेव्हा जाण्यात जाणणे आले. न जाणता कुणी सरण जाऊ शकत नाही.

आधी समज, मग सरण

हे मी मनाने सांगत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात पहिले उपासक कसे झाले ते दिले आहे. संबोधीनंतर तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी बुद्ध आणि धम्म अशी दोनच सरणे घेतली, कारण संघ अजून झालाच नव्हता. तिन्ही सरणे घेणारा पहिला गृहस्थ म्हणजे वाराणसीच्या यस नावाच्या तरुणाचा बाप. तो श्रेष्ठी होता. यस रात्री घर सोडून निघून गेला. बाप त्याच्या पादत्राणांचा माग काढीत इसिपतनात तथागतांपाशी आला. तो आला होता मुलाला परत न्यायला. तथागतांनी त्याला आधी बसवले, क्रमाक्रमाने धम्म समजावला. त्याला तो कळला, शंका फिटली, आणि मगच त्याने तिन्ही सरणांचा उच्चार केला. पुढे यसाची आई आणि पूर्वीची पत्नी या तिन्ही सरणे घेणाऱ्या पहिल्या उपासिका झाल्या. त्यांनाही आधी धम्म सांगितला गेला, नंतर त्यांनी सरण घेतले. बाप उपासक झाला म्हणून घरच्या बायका आपोआप उपासिका ठरल्या नाहीत. नवदीक्षित कुटुंबांनी ही कथा मुद्दाम वाचावी, कारण ती एका कुटुंबाच्या दीक्षेची कथा आहे.

आणि आपल्या उद्धारकर्त्याने काय केले? 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास त्यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर दीक्षा घेतली ती 1956 साली. मधली 21 वर्षे त्यांनी काय केले? अभ्यास केला, निरनिराळ्या धर्मांची पारख केली, विद्वानांशी वाद केले. नागपुरात पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिसरण-पंचशील त्यांनी घेतले ते ही पारख पुरी झाल्यावर. त्यानंतर आपल्याला 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांतही 'मी' आहे. मी अमुक मानणार नाही, मी श्राद्ध-पिंडदान करणार नाही, मी समतेसाठी प्रयत्न करीन. शरणागताला विचार करायला कुणी 21 वर्षे देत नाही. लढाईत हरलेल्याला 21 मिनिटेही मिळत नाहीत.

स्वतःच स्वतःचे सरण

आता एक खरी अडचण उरते. तथागतांनी अखेरच्या वर्षावासात, वेसालीजवळच्या बेलुव गावी, आनंदास सांगितले की, तुम्ही 'अत्तदीप' व्हा, 'अत्तसरण' व्हा, दुसऱ्या कुणाला सरण करू नका. धम्मालाच सरण करा. मग रोज बुद्ध, धम्म आणि संघ यांना सरण जायचे ते कसे? स्वतःचे सरण खरे की ही तीन सरणे खरी?

येथे पुन्हा शब्दच मदतीला येतो. 'अत्तदीप' शब्दातल्या 'दीप'चा अर्थ आपण बहुधा दिवा असा करतो, आणि स्वतःच स्वतःचा दिवा व्हा असे म्हणतो. तो अर्थ सुंदर आहे. परंतु पालीत 'दीप' म्हणजे बेटही होते. संस्कृतात दिव्यासाठी दीप आणि बेटासाठी द्वीप असे दोन निराळे शब्द आहेत, पालीत दोन्हींचे रूप एकच झाले. पुष्कळ अभ्यासक येथे बेट हा अर्थ घेतात, कारण शेजारी 'सरण' हा शब्द आहे. पूर आला आहे, चहूकडे पाणी आहे, आणि पाय टेकायला कोरडी जमीन हवी आहे. ती जमीन तुम्ही स्वतःच व्हा, आणि धम्माची जमीन करा.

असे पाहिले की विरोध उरत नाही. आजारी माणूस वैद्याकडे जातो. वैद्य रोग ओळखतो, औषध देतो, शुश्रूषा करणारे मदत करतात. पण औषध गिळायचे रोग्यानेच. जुन्या ग्रंथांत बुद्धाला वैद्याची, धम्माला औषधाची उपमा दिलेली आहे. वैद्याकडे गेलो म्हणून आपण वैद्याचे गुलाम होत नाही, आणि वैद्याच्या तसबिरीला हार घातल्याने ताप उतरत नाही. बुद्ध, धम्म, संघ यांच्या आसऱ्याने आपण हळूहळू स्वतःच्या पायावर उभे राहायला शिकतो. जो आसरा माणसाला उभा करतो ते सरण. जो आसरा माणसाला कायमचा वाकवून ठेवतो ती शरणागती. दोहोंतला फरक ओळखण्याची कसोटी हीच.

धम्मपदाच्या बुद्धवग्गात सांगितले आहे की, भ्यालेली माणसे डोंगर, वने, वृक्ष, देवळे यांचा आसरा शोधतात, पण तो आसरा सुरक्षित नाही. आपल्याकडे तर गंमतच आहे. विहिरीपाशी, नदीच्या डोहापाशी ज्या पाण्यातल्या देवता मानतात त्यांचेही नाव 'आसरा'. साती आसरांना आपल्या आयाबाया नारळ आणि ओटी देत. तो शब्द 'अप्सरा' यावरून आला. निवाऱ्याचा 'आसरा' आला तो 'आश्रय' यावरून. पाहा, पुन्हा दोन सारखे शब्द! भ्यालेल्या माणसाला हवा होता दुसरा आसरा, आणि तो गेला पहिल्या आसरांकडे.

आपल्या घरात, आपल्या संघटनेत

ही कसोटी केवळ विहारापुरती नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला इशारा दिला की, धर्मात भक्ती कदाचित आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. कितीही मोठा माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, हा मिल्लचा विचारही त्यांनी त्या वेळी सांगितला. हे त्यांनी स्वतःलाही वगळून सांगितलेले नाही. तेव्हा जो पुढारी बाबासाहेबांचे नाव घेऊन 'मी सांगतो ते मुकाट्याने ऐका' म्हणतो, तो आपल्याकडून शरणागती मागतो. संघाचे सरण म्हणजे अशा पुढाऱ्याचे पाय नव्हेत. शीलवान, विचारी माणसांचा सहवास हे ते सरण आहे.

आणि आपले घर? ज्या घरात बाप सकाळी मोठ्याने त्रिसरण म्हणतो आणि संध्याकाळी सुनेने मान वर करून बोललेले त्याला खपत नाही, त्या घरात कोणता शब्द चालतो, याचा विचार आपणच करावा. घर हे सरण या शब्दाच्या जुन्या अर्थांपैकी एक आहे, हे आपण वर पाहिले. आपले घर घरातल्या प्रत्येकाला सरण आहे काय? मुलीने शिकायचे म्हटले, मुलाने नोकरीऐवजी दुसरी वाट धरायची म्हटले, तर ते न भिता येऊन सांगू शकतात काय? की त्यांना आधी वाकावे लागते आणि मगच आसरा मिळतो? तसे असेल तर ज्या गावगाड्यातून आपण बाहेर पडलो, तोच आपण घरात नव्याने उभा केला असे होईल.

तेव्हा माझी आपणांस एवढीच विनंती आहे. मुलांना त्रिसरण शिकवताना पाठांतरावर थांबू नका. 'सरण' म्हणजे आसरा, 'गच्छामि' म्हणजे मी समजून-उमजून जातो, हे त्यांना त्यांच्या वयाला समजेल असे सांगा. आजीला सांगा की हे सरण चितेचे नाही, निवाऱ्याचे आहे. त्रिसरण म्हणायला नकार देणाऱ्या तरुणावर रागावू नका. त्याला सांगा की, बाळा, तू ज्या शरणागतीला नाही म्हणतोस तिला तथागतांनीही होकार दिलेला नाही. आमच्या अभ्यासवर्गातल्या त्या मुलाला मी हेच सांगितले. तो पुढच्या पौर्णिमेला आला. त्रिसरण म्हटले की नाही, ते मी त्याला विचारले नाही. ते त्याने स्वतः ठरवायचे आहे.

जय भीम!